अक्काच्या वाट्याचे नऊ

अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. एका दमात म्हणून बघा. मला ते वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी येत होतं, कारण धुळ्याच्या आमच्या घरात ही संख्या घरच्या माणसासारखी नांदत होती. पाटीवर लिहिली की नुसते अकरा एक, एकाशेजारी एक उभे. अक्का तिला अकराबाई म्हणायची. आईला तिचा मनस्वी राग होता. "एवढा वेळ देवाला दिला असता तर देव भेटला असता," असं ती भांडी आपटत म्हणायची, आणि नाना नि अक्का दोघंही ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

नाना म्हणजे माझे वडील. ते हायस्कुलात गणित शिकवायचे. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. अक्का त्यांची थोरली बहीण. नरडाण्याच्या बाजूला आमचं मूळ गाव आहे, तिथंच पंचक्रोशीत तिचं लग्न लहानपणी लावून दिलं होतं. लग्न म्हणजे काय हे कळायच्या आत नवरा गेला आणि ती परत आली. नानांना धुळ्याला नोकरी लागली तेव्हा ती त्यांचं घर सांभाळायला आली, ती कायमचीच. पुढं आई आली, आम्ही भावंडं झालो, तरी चूल अक्काचीच राहिली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. पण नाना लहानपणी ओट्यावर बसून पाढे घोकायचे, तेव्हा आत पीठ चाळता चाळता तिनं तीसपर्यंतचे पाढे, पावकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे, असं सगळं उचललं होतं. नानांचा एखादा पाढा अडखळला तर आतून पुढचा आकडा यायचा.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नाना सुटीत रिकामे बसले होते आणि नुसत्या एकांच्या संख्या फोडत होते. एकशे अकरा म्हणजे तीन गुणिले सदतीस. चार एक म्हणजे अकरा गुणिले एकशे एक. पाच एक म्हणजे एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. अशा सगळ्या फुटत गेल्या. सात एकांनी थोडा त्रास दिला, पण दोनशे एकोणचाळीसने त्यांनाही भाग गेला. आठ, नऊ, दहा एक तर जुन्याच तुकड्यांवर फुटले. अकरा एक मात्र फुटेनात. तीनाने नाही, साताने नाही, तेराने नाही, शंभराच्या आतल्या एकाही मूळ संख्येने नाही. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणीच पूर्ण भाग देऊ शकत नाही ती. नानांना शंका आली की अकरा एक ही स्वतःच मूळ संख्या असावी. पण शंकेवर नानांचं भागायचं नाही.

अक्का शेजारी डाळ निवडत होती. तिनं विचारलं, "काय करी राहिना रे भाऊ?" नानांनी सांगितलं. ती म्हणाली, "माले भागाकार शिकाड. निम्मं मी करसू."

त्या उन्हाळ्यात नानांनी तिला मोठा भागाकार शिकवला आणि मग वाटणी झाली. दोन आणि पाच सोडले तर मूळ संख्येच्या शेवटी एक, तीन, सात किंवा नऊ यांपैकीच काहीतरी येतं. सम आकड्यावर संपली तर दोनाने भाग जातो, पाच किंवा शून्यावर संपली तर पाचाने. तेव्हा नानांनी एक आणि तीनवर संपणारे भाजक घेतले, अक्काला सात आणि नऊवर संपणारे दिले. कुठपर्यंत जायचं तेही ठरलेलं होतं. कुठल्याही संख्येचे दोन तुकडे केले तर लहान तुकडा तिच्या वर्गमुळाच्या आतलाच असतो, आणि अकराबाईचं वर्गमूळ एक लाख पाच हजारांच्या थोडं पुढं येतं. तिथवर कुणाचाच भाग गेला नाही की अकराबाई मूळ ठरली. नाना जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या कागदांवर मूळ संख्या काढून ठेवायचे आणि तिच्या पाटीच्या डोक्यावर तिचा पुढचा भाजक लिहून द्यायचे.

शाळा सुटून नाना आले, चहा झाला की दोघं ओसरीवर बसायचे. दिवेलागणीपर्यंतचा तो वेळ. रोज एक भागाकार, फार तर दोन. भागाकार झाला की नवाचा ताळा. भाजकातले अंक मिळवायचे, भागाकारातले मिळवायचे, त्यांचा गुणाकार करून बाकीचे अंक त्यात घालायचे, नऊ नऊ टाकत जायचं आणि शेवटी दोन उरले पाहिजेत, कारण अकरा एकांची बेरीज अकरा आणि अकराचे दोन. दोन आले की ताळा जुळला. ताळा जुळला की पाटी पुसायची. नानांनी घालून दिलेला नियम होता तो. कागद महाग, आणि भाग न गेलेला भागाकार जपून ठेवून करायचं काय?

मला त्या वेळेचं अप्रूप वाटायचं ते अक्कामुळे. एरवी ती घरात कधी कुणासमोर बसायची नाही. पाहुणे आले की आत, नाना जेवायला बसले की वाढायला उभी. सणावारी हळदीकुंकवाला बायका आल्या की तिची सावलीसुद्धा बाहेर दिसायची नाही. ओसरीवर मात्र ती नानांच्या समोर मांडी घालून, पाटी गुडघ्यावर टेकवून बसायची आणि बोलायचीही बरोबरीनं. "भाग गया का?" असं नाना तिच्याच बोलीत तिला विचारायचे. "नही. आजबी नही. तुना?" "माझाही नाही." मग दोघं हसायचे. त्यात चुरस होती. ज्याच्या वाट्याच्या भाजकानं भाग जाईल त्यानं अकराबाईला हरवलं. एकदा मी तिला विचारलं होतं, की भाग गेला तर तुला काय मिळणार? ती म्हणाली, "मना हातथून येक गोष्ट सापडी. आजलोंग काय सापडनं माले?" आणि पुन्हा भागाकाराला लागली. मला तेव्हा ते नीट कळलंही नव्हतं.

मी मॅट्रिक झाले तेव्हा घरात वाद झाला. आईचं म्हणणं, आता स्थळं बघा. नाना नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात. अक्काच उठली. नानांना म्हणाली, "पोरले जळगावले धाड. माले नही भेटनं ते तिले भेटू दे." जळगावला माझे मामा होते, त्यांच्याकडे राहून कॉलेजला जायचं असं ठरलं. मामा केळीच्या धंद्यात, घरात माणसांचा राबता, पण मला माडीवर एक कोपरा मिळाला. एस.टी.त बसले तेव्हा अक्कानं खाऊचं फडकं खिडकीतून आत दिलं आणि म्हणाली, तिथं कुणी अकराबाईला ओळखतं का विचार.

मी विचारलं. गणिताच्या प्राध्यापकांनी हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी फळ्यावर एक भागिले सात केलं. शून्य पूर्णांक एक चार दोन आठ पाच सात, आणि पुन्हा एक चार दोन आठ पाच सात. सहा अंकांनी तेच ते. सातातून एक गेला की सहा. मग एक भागिले तेरा केलं. तिथंही सहा अंकांनी फेरा, आणि तेरातून एक गेला की बारा, ज्याला सहाने भाग जातो. मूळ संख्येने एकाला भागलं की अंकांचा फेरा जितक्या अंकांनी फिरतो, तितक्यानं त्या मूळ संख्येतून एक वजा केलेल्या संख्येला नेहमीच पूर्ण भाग जातो. आता जी मूळ संख्या अकरा एकांना भागते, तिचा फेरा अकरा अंकांचा असणार. म्हणजे तिच्यातून एक वजा केला की उरलेल्याला अकराने भाग गेला पाहिजे. शिवाय ती विषम, म्हणून दोनानेही. थोडक्यात, बावीसच्या पाढ्यात एक मिळवून जे येईल त्यातले मूळ तेवढेच भाजक तपासायचे. तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद, एकशे नव्याण्णव. बाकीच्यांकडे बघायचंसुद्धा नाही.

मी मामांच्या घरी येईपर्यंत रस्त्यात कुणाला तरी धडकले असेन, इतकी हरखले होते. नाना आणि अक्का जे दहा भाजक तपासत होते त्यातला जेमतेम एक तपासायची गरज होती. त्याच दिवशी मी हे पत्रानं कळवायला हवं होतं. कळवलं नाही. मला वाटलं, आपणच करून टाकू आणि मग सांगू. सगळं स्वतःच्या हातचं हवं म्हणून पौषात मी माडीवर पार तेवीसपासून सुरुवात केली आणि रोज तीन-चार भागाकार करत गेले. होळीच्या सुमारास एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भागायला घेतलं. शेवटच्या पायरीला एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस उरले. नऊ वेळा भाजक घेतला तर तेवढेच आले. बाकी शून्य.

मी ते पुन्हा केलं, मग गुणाकार करून पाहिला. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास गुणिले पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. अकरा एक, एकाशेजारी एक. खाली मामी केळीच्या पानावर कुरडयांचा घाणा काढत होती, तिला मी मिठी मारली आणि तिनं मला हात गरम आहेत म्हणून झटकलं.

आता खरी गोष्ट. मला ठाऊक होतं की नाना आणि अक्का तोवर बत्तीस हजारांच्या पुढं गेले होते. माझ्या दर पत्राला नाना तेवढं एक वाक्य लिहायचेच. म्हणजे एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास त्यांच्या हातून जाऊन गेला होता आणि दोघांपैकी एकाचा भागाकार चुकला होता. हे मला त्याच संध्याकाळी कळलं. पण कळून मला वाईट वाटलं नाही, गंमत वाटली. दोन मोठ्या माणसांच्या हातून निसटलं ते मी पकडलं, एवढंच माझ्या डोक्यात. भाजक कशावर संपतो, तो कुणाच्या वाट्याचा, हे बघायला अर्धी घटकासुद्धा लागली नसती. मी बघितलं नाही. आनंदानं माणूस आंधळा होतो म्हणतात, पण माझा तो आनंदही नव्हता, फुशारकी होती. मी आखाजीपर्यंत थांबले. सगळ्यांसमोर सांगायचं होतं मला.

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात दिवाळीहून मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडाझाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. मीही परीक्षा संपवून आले. अक्का कायमचीच माहेरी असल्यामुळे तिला आखाजी म्हणजे फक्त खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस, तेही बाकीच्यांसाठी. ती पहाटेपासून चुलीपुढं होती. दुपारी नानांच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर जेवायला आले होते. ते आमच्या घरचेच झालेले, अकराबाईची खबर विचारल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

जेवणं झाली. ऊन मी म्हणत होतं, नानांनी डोक्यावर ओला पंचा घेतला होता. मास्तर पान लावत म्हणाले, "मग नाना, बाई कुठवर आल्या?" मी ह्याचीच वाट बघत होते. कोनाड्यातली पाटी घेतली, अक्काचीच होती, आणि मोठ्या अक्षरांत दोन्ही आकडे लिहून त्यांच्या मध्ये गुणाकाराची फुली मारली. म्हटलं, "बाई संपल्या."

नानांनी पाटी घेतली. आधी ताळा केला, मग अख्खा गुणाकार. त्यांचा हात भराभर चालत होता. शेवटचा एक आला तेव्हा ते एवढ्या मोठ्यानं हसले की आई आतून बघायला आली. "फोडली!" म्हणाले, "अगं फोडली पोरीनं!" त्यांनी मला जवळ घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. आई म्हणाली, सुटलो बाई एकदाचे. मी बावीसच्या पाढ्याचं सगळं रामायण सांगायला सुरुवात केली आणि नाना तहानलेल्यासारखे ऐकत होते. अक्का दारात उभी होती, हाताला पीठ. तीही हसत होती, अगदी मनापासून. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं तसं हसलेली ती मला आठवत नाही.

मास्तर भोळेपणानं म्हणाले, "पण नाना, तुम्ही तर बत्तीस हजारांवर आहात ना? मग हे एकवीस हजाराचं बेणं कुणाच्या हातून सुटलं?"

नानांची नजर पाटीवर गेली. त्यांच्यामागून माझी गेली. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. नऊ.

नाना क्षणभरही थांबले नाहीत. म्हणाले, "माझ्याच हातून. त्या दिवसांत अक्काला ताप येत होता, तिचे नऊ मीच करत होतो." आणि पाटी पालथी घातली.

अक्का दारातूनच म्हणाली, "नऊ मना वाटाले शेतस, नाना. तो ताप पंधरा हजारना टाइमले उनता. खोटं कसाले बोलस?"

मास्तरांनी पान तोंडात घातलं आणि लगेच निघाले. अक्का आत गेली, आणि भांडी घासायला घेतली ती संध्याकाळपर्यंत घासत राहिली.

नानांनी दुसऱ्या दिवशी तिला ओसरीवर बोलावलं. मीही होते. पुसलेला भागाकार काही परत येणार नव्हता, पण नानांनी रात्रभर विचार केला होता बहुतेक. त्यांनी भागाकार मांडला आणि मध्ये एका पायरीला थांबले. तिथं आठ हजार चारशे त्रेचाळीस उरतात. "समज, घाईत चार-तीनचे तीन-चार झाले," ते म्हणाले आणि आठ हजार चारशे चौतीस लिहून पुढं गेले. शेवटी वीस हजार सातशे एकोणपन्नास बाकी आली. मग त्यांनी नवाचा ताळा केला. दोन आले, जसे यायला हवे तसेच. "बघ. शेजारचे दोन अंक उलटे झाले तर नवाच्या ताळ्याला ते दिसतच नाही, कारण फरक नऊच्या पाढ्यातलाच पडतो. अकराचा ताळा केला असता तर चोर सापडला असता. तो मला येत होता. वेळ लागतो म्हणून मी तुला शिकवला नाही. ताळा जुळला की पुस असं मीच सांगितलं. चूक माझी आहे, अक्का."

अक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताळा जुळाबिगर मी पाटी कधीच पुसी नही, नाना." तिला त्यांनी तसं म्हटलंच नव्हतं. पण तिला तेवढंच सांगायचं होतं.

नंतरचे दिवस मला नकोसे आठवतात. शाळेची सुटी, नाना घरीच, चहा व्हायचा आणि दोघं ओसरीवर यायचेच नाहीत. नाना वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि अक्का आत काहीतरी काम काढायची. गहू निवडून झालेले पुन्हा निवडायची. चार-सहा दिवसांनी नानांनी नवीन डाव मांडला. बारा एक तर अकराने फुटतात, म्हणून तेरा एक घेतले आणि वाटणी बदलली, तीन आणि नऊ स्वतःकडे, एक आणि सात तिला. अक्का भावाचं मन मोडू नये म्हणून येऊन बसली. तेरा एक त्रेपन्नवरच फुटले, नानांच्या पाटीवर, चहाचा कप गार व्हायच्या आत. इतकी वर्षं अकराबाईनं त्यांना न दिलेली ती शून्य बाकी बघून ते ओशाळले. "आता पुढचं घेऊ," म्हणाले. अक्का म्हणाली, "तू कर. मना डोयाले आते दिसत नही." तिचे डोळे ठणठणीत होते, सुईत दोरा ओवायची ती.

मी काय केलं? मी घरभर अपराध्यासारखी फिरत होते. तिला पाणी भरू लागले, पोळ्या लाटू लागले, तिनं कधी नको म्हटलं नाही आणि रागाचा एक शब्द काढला नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ज्या शिक्षणासाठी ती घरात भांडली होती त्याच शिक्षणानं मी तिची रोजची जागा तिच्या खालून काढून घेतली होती, आणि तीही पाहुण्यासमोर, तिच्याच पाटीवर. मला जळगावला परत जायची घाई झाली होती, आणि त्या घाईचीही लाज वाटत होती.

जायच्या आदल्या दिवशी मला एक गोष्ट सुचली. गणितानं दुखावलं तर गणितानंच समजूत घालावी, असं माझ्या त्या वयाच्या बुद्धीला वाटलं. मी नानांच्या पाठकोऱ्या कागदांवर पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस ही संख्या तपासून घेतली. बावीसच्या पाढ्याच्या आधाराने ते काम फारसं नव्हतं. ती मूळ निघाली. एकवीस हजारवालीही मूळच होती. म्हणजे अकराबाईचे दोनच तुकडे, त्यांचे आणखी तुकडे होत नाहीत, आणि एका संख्येचे असे मूळ तुकडे दुसऱ्या कुठल्याच तऱ्हेनं पडत नाहीत. मी हरखून अक्काकडे गेले. ती परसात बसून चिंच फोडत होती, चिंचोके एकीकडे, गर एकीकडे.

मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "अक्का, एक सांगू? तुला वाटत असेल की अजून कुठं कुठं चुकलं असेल. तर तसं नाही. एवढ्या वर्षांत तू जितके भाजक तपासलेस, त्यातल्या दुसऱ्या एकानंही भाग जाणार नव्हता. जाऊच शकत नव्हता. तुझी 'नाही' ही सगळी उत्तरं बरोबर होती. दीड हजारांवर. चुकली ती फक्त एकच."

तिचा हात थांबला. "दुसरी मोठी संख्या कितलावर संपस?"

"पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस."

"म्हंजे तीबी नऊ."

"हो."

"मंग नानाना वाटाले काहीच नव्हतं."

ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकवर संपणारे, तीनवर संपणारे, नानांचे सगळे भाजक, आणि तिचे सातही, पहिल्या दिवसापासून रिकामे होते. नानांनी जन्मभर भागलं असतं तरी त्यांना काही सापडलं नसतं. ज्याच्याशी ती चुरस लावत होती त्याला जिंकायची सोयच नव्हती. जे काही होतं ते तिच्याच वाट्याला होतं. मी घाईघाईनं म्हणाले, "म्हणूनच सांगते अक्का, बाकीचं सगळं बरोबर होतं. एकच चुकली."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "सगळामा येकच खरी व्हती, बाय," ती म्हणाली. "आनि तीच मना हातमातून सुटनी."

मी तिथंच बसून राहिले आणि चिंच फोडू लागले. थोड्या वेळानं तिनं माझ्या बोटांकडे बघून सांगितलं, की हे नानाला कळू देऊ नको, त्याचा हिस्सा रिकामा होता म्हणून त्याला फार लागेल. मी नाही सांगणार म्हटलं. नानांना ते आखाजीच्या दुपारीच, पाटीवरचे दोन्ही नऊ बघून, ती पालथी घालायच्या आधी कळलं असणार, हे आता माझ्या लक्षात आलं होतं. तिला मी तेवढंही सांगितलं नाही.